गप्प बसण्याचा गृहपाठ

७ जानेवारी, बुधवार

लिही. सगळ्यात आधी हे लिही की वही माझी आहे आणि हात सुनेचा आहे. मला अक्षर येत नाही. लहानपणी शिकायचं राहिलं, आणि लग्न झालं ते रोज सकाळी मोठ्यांदा पेपर वाचणाऱ्या माणसाशी, त्यामुळे पुढेही कधी अडलं नाही. आता पाच वर्षं झाली, त्या माणसाचं वाचणं गेलं आणि बोलणंही गेलं. डोक्यात रक्ताची गाठ अडकली, उजवा हात लुळा पडला आणि जीभ रुसली. हात बराचसा परत आला. जीभ अजून माहेरीच आहे.

ही वही ठेवायला सांगितली बोलबाईंनी. तिचं खरं पद मोठं आहे, वाचा उपचार की काय. मी बोलबाई म्हणते. आपल्या भागातल्या दवाखान्यात तिनं नवा वर्ग काढलाय, ज्यांचं बोलणं जाऊन वर्षानुवर्षं झाली त्यांच्यासाठी. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी आम्हाला सहा महिन्यांतच सांगितलं होतं, जेवढं यायचं तेवढं आलं, आता देवाचं नाव घ्या. बोलबाई म्हणते, पाच वर्षांनीही सुधारतं, पण घरच्यांनी रोज काय घडलं ते लिहून ठेवायचं. मी म्हटलं, लिहिता येत नाही. ती म्हणाली, मग सांगा, कुणीतरी लिहील.

सुनेला एकच अट घातली. मी बोलेन ते जसंच्या तसं लिहायचं, तुझ्याबद्दल असलं तरी.

(मान्य. माझीही अट आहे. मला पटलं नाही तर कंसात लिहीन. — सून)

बघा. पहिल्याच दिवशी कंस.

ह्यांच्याकडे शब्द किती उरलेत ते बाईंनी विचारलं होतं, ते लिही. एक, 'अगं'. दोन, 'चालेल'. जेवायला काय करू? चालेल. फिरायला जाऊ या? चालेल. घराला आग लागलीय हो! चालेल. तीन, एकापासून वीसपर्यंत आकडे, पण ओळीनं म्हटले तरच. आणि चार, शिव्या. त्या मात्र सगळ्या शाबूत आहेत, आणि एकही अडखळत नाही. पस्तीस वर्षं सायकलींचं दुकान चालवलंय, गंजलेले नट सोडवता सोडवता साठा बराच झालाय.

दुकानाचंही लिही. ते पाच वर्षं बंदच आहे. मागच्या रविवारी मुलानं विचारलं, "बाबा, शेजारच्या औषधवाल्याला खोकी ठेवायला गाळा हवाय. देऊन टाकू का?" हे म्हणाले, "चालेल." ठरलं. फेब्रुवारी संपला की किल्ली द्यायची. मीही म्हटलं, बरं झालं, सुटलो एकदाचे.

१४ जानेवारी, बुधवार

वर्गाचा पहिला दिवस. गोल मांडलेल्या खुर्च्या, भिंतीवर घड्याळ, कोपऱ्यात हात धुवायचं भांडं. आमच्याखेरीज दोघं. एक बसचा ड्रायव्हर. स्वतःचं नाव सांगता सांगता घामाघूम होतो, पण गाणं लावलं की सगळं कडवं तोंडपाठ. दुसऱ्या बाई, शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. त्यांच्यापाशी फक्त 'उद्या' उरलंय. पण तो 'उद्या' असा ठसक्यात म्हणतात की आपण मुकाट उभं राहावं. त्यांची बहीण सोबत येते. ती बिचारी काहीच बोलत नाही. मला वाटलं, किती ही निष्काळजी बाई!

बोलबाई ह्यांच्यासमोर बसली आणि म्हणाली, "आजोबा, काल काय केलंत?"

मी सांगितलं, काल केस कापले.

"आजी, प्रश्न आजोबांना होता."

"हो, पण उत्तर मला येत होतं ना."

मग तिनं आम्हा दोघांना दहा मिनिटं नुसतं गप्पा मारायला सांगितलं आणि फोनवर चित्र धरलं. नंतर ते लावून मोजत बसली. मी एकशे सव्वीस वाक्यं बोलले. हे सहा वेळा बोलायला लागले, आणि त्यातल्या चार वेळा मी पुढचं पूर्ण करून दिलं. मी म्हटलं, "बघा, केवढी मदत होते." बोलबाई हसली. मला वाटलं शाबासकीचं हसू आहे. घरी येताना सून म्हणाली, तसं नव्हतं ते.

(नव्हतंच.)

बाईंनी एक गोष्ट मात्र छान समजावली. म्हणाली, आजोबांच्या डोक्यात सगळं आहे, विचार जागच्या जागी आहेत, फक्त शब्द हाताला लागत नाहीत. अक्कल पूर्वीइतकीच आहे. मी म्हटलं, पूर्वीइतकीच ना? मग काळजी नाही, तेवढ्यावर मी संसार केलाय. हे हसले. अगदी तोंड भरून. पाच वर्षांत माझ्या टोमण्यावर असे हसले नव्हते. की मीच टोमणे मारायचे सोडले होते?

२१ जानेवारी, बुधवार

आज भलतंच झालं.

बाईंनी विचारलं, घरात सध्या काय चाललंय. मी सांगितलं, दुकान देऊन टाकतोय, हे तयार आहेत. ती म्हणाली, "तयार आहेत हे कसं कळलं?" मी म्हटलं, "चालेल म्हणाले की."

तिनं काही न बोलता दोन कागद घेतले. एकावर दुकानाचं शटर वर केलेलं काढलं, दुसऱ्यावर खाली ओढलेलं. दोन्ही ह्यांच्या मांडीवर ठेवले आणि म्हणाली, "आजोबा, तुम्हाला काय हवंय? घाई नाही." मग गप्प बसली. घड्याळाचा काटा टिकटिकत होता. मला राहवेना. मी तोंड उघडलं तर मुख्याध्यापिकांच्या बहिणीनं माझा दंड धरला. दिसते मऊ, पण पकड सांडशीची.

ह्यांनी उघड्या शटरवर बोट ठेवलं. बाईंनी कागदांची जागा बदलली. पुन्हा उघडं शटर. तिसऱ्यांदा बोट ठेवलं नाही, मूठच आपटली. आणि दुसरा कागद उचलून चुरगाळून टाकला, सोबत एक अस्सल शिवी. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "उद्या!" म्हणजे शाबास.

मला काय बोलावं कळेना. हे लिही. मला काय बोलावं कळेना.

२२ जानेवारी, गुरुवार

मुलाला सांगितलं. तो वाईट नाही हो, घाबरट आहे. माझ्यावर गेलाय.

(बाबांवर. आई कशालाही घाबरत नाहीत.)

म्हणाला, "आई, उघडून करायचं काय? गिऱ्हाईक विचारणार एक, बाबा म्हणणार चालेल. ब्रेक नसलेली सायकल घेऊन कुणी उतारावर गेला तर?" मी म्हटलं, "मी बसते की शेजारी. मी बोलेन."

तो म्हणाला, "तू किती दिवस बोलणार?"

मग ह्यांच्याकडे वळून म्हणाला, "बाबा, बावीस फेब्रुवारीला रविवार आहे. सकाळी नऊ ते बारा दुकान उघडा. एकट्यानं. आई आत नाही, मी आत नाही. जमलं तर औषधवाल्याला मी नाही म्हणून येतो. नाही जमलं तर किल्ली त्याची."

हे म्हणाले, "चालेल." आणि आम्ही तिघंही त्यांच्या तोंडाकडे बघत बसलो, की आता हे कुठलं चालेल. तेव्हा त्यांनी स्वतःच उठून पलंगाखालून पान्यांचा डबा ओढला. डाव्या हातानं.

२८ जानेवारी, बुधवार

गेल्या शुक्रवारी बाईंनी बोलावून मला गृहपाठ दिला. ह्या वयात. ह्यांना प्रश्न विचारला की मनात दहा मोजायचे आणि तोवर गप्प. आकडे मला येतात, पण माझे दहा फार पटकन होतात. म्हणून बाईंनी लिंबाच्या गोळ्या दिल्या. गोळी तोंडात विरघळेस्तोवर बोलायचं नाही. पहिल्या दिवशी मी अकरा गोळ्या चावून खाल्ल्या. दाढ हलायला लागलीय.

ह्यांचा गृहपाठ वेगळा. दुकानात लागतील अशी पाच वाक्यं निवडली. काय झालं, थांबा, दाखवा, हवा भरलीय, संध्याकाळी या. रोज वीस वेळा. आधी बाईंबरोबर एका सुरात, मग ती हळूच थांबते आणि हे पुढे जातात, जसं सायकल शिकवताना मागचा हात कधी सुटला ते कळत नाही. आकड्यासाठी युक्ती सांगितली. तीन म्हणायचं असेल तर एकपासून चढत जायचं आणि तिथे थांबायचं. तीनवर थांबायला ह्यांना चार दिवस लागले. उतार लागल्यासारखे सुटायचे ते थेट वीसला.

'काय झालं' मात्र पक्कं बसलंय. आता घरात दिवसभर चौकशी चालते. भांडं पडलं, काय झालं. सून शिंकली, काय झालं. मांजर गेली, काय झालं.

४ फेब्रुवारी, बुधवार

आज वर्गाला गेलो नाही. घरात भांडण झालं, म्हणजे भांडलं एकच माणूस.

बाईंनी सांगितलं होतं, दुकानासाठी चित्रांचा फळा करा. गिऱ्हाईकानं बोट ठेवायचं, ह्यांनीही ठेवायचं, शब्द अडला तरी काम अडत नाही. सुनेनं दोन संध्याकाळी घालवून मोठ्या पुठ्ठ्यावर फळा केला. मधोमध अख्खी सायकल, भोवती चाक, ट्यूब, ब्रेक, घंटी. रंगसुद्धा भरले. मी बाजूला बसून देखरेख केली. मला वाचता येत नाही, पण चित्र मला कळतं, म्हणून ते काम माझ्या अखत्यारीत.

ह्यांच्यापुढे धरला. दोन क्षण बघितलं. मग मधल्या सायकलवर बोट आपटलं, जोरजोरात मान हलवली, शिव्या घातल्या आणि फळा भिरकावला. घंटीचा कोपरा दुमडला. सून आत जाऊन बसली.

मला लगेच कळलं. लाज वाटली त्यांना. पस्तीस वर्षं जो माणूस नुसत्या आवाजावरून सांगायचा की कुठला छर्रा गेलाय, त्याच्या हातात बालवाडीसारखी चित्रं द्यायची? मी फळा कपाटामागे सरकवला. बाईंना फोन करून सांगितलं, मुलाला सांगितलं, शेजारणीलाही सांगितलं. सगळ्यांना पटलं. मुलगा तर म्हणाला, "जाऊ दे आई, त्यांचा मान राहू दे, मी औषधवाल्याला कळवतो." मी म्हटलं, जरा थांब. का म्हटलं ते ठाऊक नाही.

(मी आत जाऊन रडले नव्हते. रंगाचे हात धुवत होते.)

रडलीस असं मी कुठं म्हटलं?

११ फेब्रुवारी, बुधवार

सावकाश लिही. हे नीट यायला हवं.

बाईंनी फळा मागवला होता. मी पुन्हा सगळं सांगितलं, लाज, मान, बालवाडी. चांगलं सांगितलं. ड्रायव्हरचे डोळे ओले झाले. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाली, "असेलही. आजोबांना विचारू या." फळा त्यांच्यापुढे ठेवला, कोरा कागद आणि पेन्सिल ठेवली, आणि बसली आपली गप्प.

हे डाव्या हातानं काढू लागले. आधी दोन गोल, वेडेवाकडे. मग सांगाडा. मग बसायची गादी. सगळे जण वाकून बघत होते. मी गोळी गालात धरली होती. शेवटी त्यांनी साखळी काढली, दात असलेली, दोनदा गिरवली. मग फळ्यावरच्या साखळीवर बोट ठेवलं आणि स्वतःच्या. फळ्यावरच्या. स्वतःच्या.

आधी सुनेच्याच लक्षात आलं. "अगं बाई! आई, मी साखळी डाव्या बाजूला काढलीय!"

सायकलची साखळी उजवीकडे असते. सगळ्या जगात. सुनेनं पुस्तकातलं चित्र आरशातल्यासारखं उलटं उतरवलं होतं आणि मी शेजारी बसून देखरेख केली होती. मान नाही, लाज नाही, बालवाडी नाही. चित्र चूक होतं. साखळी डावीकडे असलेली पाटी दुकानावर लावली असती तर गावातला प्रत्येक मिस्त्री हसला असता, आणि हा माणूस आठवडाभर तेच सांगत होता. मी मात्र त्याच्या मनातलं घरोघर पोचवत होते.

हे हसत होते. बाई हसत होती. मीही हसले. गोळी गिळली गेली.

घरी आल्यावर मात्र हसू आलं नाही. एकच विचार. हे एक चुकलं ते कळलं. पाच वर्षांत बाकी किती चुकलं असेल?

१५ फेब्रुवारी, रविवार

तीन दिवस विचारत सुटलेय. हे की ते, दोन्ही समोर ठेवून, आणि उत्तर येईस्तोवर थांबून. निकाल ऐका.

सकाळचा रेडिओ नको असतो. पाच वर्षं मी लावतेय, त्यांना आवडतो म्हणून. मला तर मुळीच आवडत नाही.

उंच उशी नको. मान दुखते.

खिडकीची खुर्ची नको, उन्हानं डोळे चुरचुरतात. मी प्रत्येकाला सांगायचे, त्यांना रस्ता बघायला फार आवडतो.

आणि दर गुरुवारी येणारा चुलतभाऊ. मीच गळ घालून बोलावते, ह्यांना करमतं म्हणून. त्याचा फोटो दाखवला तर ह्यांनी उपडा ठेवला. पुन्हा सुलटा केला, पुन्हा उपडा. दोन तास बसून तो स्वतःच्या गुडघ्यांबद्दल बोलतो. तो आला की हे डोळे मिटायचे, आणि मी म्हणायचे, बघा, किती शांत वाटतं त्यांना.

म्हणजे पाच वर्षं मी माझ्याशीच गप्पा मारत होते. उत्तरं मात्र छान मिळत होती.

सुनेला विचारलं, तुझ्या मनातलं तरी मी बरोबर ओळखते का गं? ती लिहीत राहिली.

(लिहायचं काम माझं.)

ह्यांनी नवा फळा पास केलाय. साखळी उजवीकडे. खाली सुनेनं मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'मला झटका आला होता. सगळं कळतं. बोलायला वेळ लागतो.' ते वाचून दाखवल्यावर ह्यांनी कानावर हात ठेवून, तोंड वासून, कुणीतरी कानाशी किंचाळतंय असं करून दाखवलं. मग आणखी एक ओळ घातली, 'ऐकू येतं. ओरडू नका.'

२२ फेब्रुवारी, रविवार

परीक्षा. नऊला पाच कमी असताना ह्यांनी शटर वर ढकललं. अर्ध्यावर अडकलं. शिवी. वर गेलं.

मी आणि सून रस्त्यापलीकडे बंद बँकेच्या पायरीवर. मुलगा औषधवाल्याच्या दुकानात, गोळ्या घ्यायच्या निमित्तानं. तीन तास गोळ्या घेत होता.

पहिला अर्धा तास कुणीच नाही. हे स्टुलावर बसून एकच पाना पुसत होते. मला वाटलं, कुणी नाही आलं तर ते जमलं धरायचं की नाही? मग एक बाई लेकीची छोटी सायकल घेऊन आली. फळा वाचला, मान हलवली, चाकावर बोट ठेवलं. "काय झालं?" हे म्हणाले, इतकं खणखणीत की पलीकडे आम्हाला ऐकू आलं. ट्यूब काढली, पाण्यात बुडवली, बुडबुडे शोधले, ठिगळ लावलं. उजवा हात टायर दाबून धरायचा, डावा काम करायचा. ती बाई घाईत नव्हती, देव तिचं भलं करो.

दुसरा आला तो फळा न वाचताच ओरडायला लागला. "आ-जो-बा! हवा! ह-वा!" ह्यांनी नुसतं शेवटच्या ओळीकडे बोट केलं. तो वाचून गप्प झाला. मग कुजबुजायला लागला. तेही चूकच, पण चालतं.

अकराच्या सुमाराला एक धिप्पाड माणूस आला. सायकलला पुढे-मागे पिशव्या लटकलेल्या. "ब्रेक तेवढा आवळा हो, लांब जायचंय." ह्यांनी ब्रेक आवळला. मग पुढच्या चाकाशी वाकले. चाक ज्या चिमट्यात बसतं त्यावरून बोट फिरवलं आणि बोट एका जागी थांबलं. पाठ ताठ झाली. ती पाठ मला पलीकडूनही वाचता येते. तडा गेला होता.

ह्यांनी मान वर केली, तोंड उघडलं. शब्द येईना. तो माणूस म्हणाला, "झालं ना? निघू?"

आणि ह्यांच्या तोंडून आलं, "चालेल."

नको असलेलं तेच आलं. तो टांग टाकायच्या बेतात. ह्यांचा चेहरा लालबुंद. मी उठून रस्त्यात उतरले. 'थांबा, त्यांचं चालेल म्हणजे चालेल नव्हे' इतकंच ओरडायचं होतं. एका टेम्पोनं भोंगा वाजवला. सुनेनं माझ्या तोंडावर हात ठेवला.

(मी पायरीवरच होते. माझा हात तिथे पोचत नव्हता. आई स्वतःच थांबल्या, रस्त्याच्या मध्ये, तोंड घट्ट मिटून.)

लिही, हिनं हात ठेवला.

तोवर ह्यांनी काय केलं? पाना घेतला, बसकण मारली, डाव्या हातानं दोन नट सोडवले आणि पुढचं चाक काढून कुशीत घेतलं. सायकल नाकावर बसली. पिशव्या घरंगळल्या. एक चाक असलेल्या सायकलवर कोण कुठे जाणार?

तो माणूस जो काय ओरडला! ह्यांनी त्याला पूर्ण ओरडू दिलं. मग त्याचा हात धरला आणि त्याचं बोट तड्यावर नेऊन ठेवलं. त्यानं वाकून बघितलं. बराच वेळ बघत राहिला. "काका," तो म्हणाला, "पुढे उतार आहे मोठा. मी त्याच रस्त्यानं निघालो होतो." मग विचारलं, किती दिवसांत मिळेल.

हे म्हणाले, "एक. दोन. ती..." आणि थांबले. तीनच्या अलीकडेच ब्रेक लावला, दोन बोटं वर केली. "दोन."

तो पिशव्या खांद्यावर घालून चालत गेला. जाताना दोनदा मागे वळून नमस्कार केला.

बारा वाजता मुलगा बाहेर आला, डोळे पुसत. मला वाटलं रडतोय. तो हसत होता. "बाबा, चाक काढून घेतलंत? गिऱ्हाईकाचं चाक?" हे म्हणाले, "अगं!" मुलाला. दोघंही स्टुलाला धरून हसत होते. मग मुलगा शेजारी जाऊन औषधवाल्याला सांगून आला की गाळा मिळणार नाही. येताना त्याच्या हातात औषधांच्या तीन पिशव्या होत्या. खोकल्याचं औषध वर्षभर पुरेल.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

ठरलं की मंगळवार, गुरुवार, शनिवार दुकान. आज पहिला मंगळवार. मी आठलाच तयार. पाण्याची बाटली, पंचा, घडीची खुर्ची. नुसती बसणार होते. एक अक्षर बोलणार नव्हते.

दारात ह्यांनी माझ्या हातातली खुर्ची घेतली, भिंतीला टेकवून ठेवली आणि म्हणाले, "तू नको."

अडखळले नाहीत. कुणी सुरुवात करून दिली नाही. पाठ केलेल्या पाचांपैकीही नाही. पाच वर्षांतलं पहिलं स्वतःचं वाक्य, आणि ते मला.

बोलबाईंना फोनवर सांगितलं तर ती आनंदानं किंचाळली. मी म्हटलं, हो, हो, फार छान झालं.

(आई दुपारी जेवल्या नाहीत.)

हे खोड.

(शाई आहे.)

बरं, राहू दे. जेवले नाही. सकाळभर घरात हिंडत होते. ह्या खोलीतून त्या खोलीत. पाच वर्षं रोज सकाळी ह्यांना काय हवं ते ओळखण्यात वेळ जायचा. आज कुणाचं काय ओळखू? मांजरीला विचारलं, बाहेर जायचंय का? ती बसूनच राहिली. तेही चुकलं.

३ मार्च, मंगळवार

आज मी गेले होते.

हे दुकानात, मुलगा कामावर, सून कामावर. साडेनऊला केस विंचरले, चपला घातल्या, कुलूप लावलं. कोपऱ्यापर्यंत गेल्यावर लक्षात आलं की कुठे जायचं ते ठरवलेलंच नाही. उजवीकडे दुकान, म्हणून डावीकडे वळले. पुढचं सांगणार नाही. लिही, सांगणार नाही.

परतायला दोन वाजले. हे जेवायचे थांबले होते. दाराच्या चौकटीत उभे, हाताला काळं ग्रीस, कपाळाला आठ्या. मी काही बोलायच्या आत त्यांनी हात वर करून मला थांबवलं. शब्द शोधत होते. मी उभी राहिले. शेजारणीच्या कुकरची शिट्टी झाली. दुसरी झाली.

"कुठे," म्हणाले. मग दम घेतला. "कुठे... गेली... होतीस... अगं?"

चार शब्द. ओळीनं, अर्थाचे, आणि शेवटी अगंसुद्धा बरोबर जागेवर. उद्या वर्गात सांगितलं तर मुख्याध्यापिका उभ्या राहून उद्या म्हणतील. मला तर तिथेच टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

उत्तर दिलं नाही. हसून आत गेले आणि पानं वाढली. जेवताना त्यांनी एकेक करून खुणा केल्या. देऊळ? बाजार? बहिणीकडे? दवाखाना? मी प्रत्येकाला मान हलवून नाही म्हटलं आणि पुढचा घास घेतला. सुनेनंही आल्या आल्या विचारलं. तिलाही नाही सांगितलं.

(चपलांना ओली वाळू होती.)

आता हे मात्र खोड. आणि ह्यांना सांगायचं नाही. पाच वर्षं मी ओळखत होते, थोडं त्यांनीही ओळखावं. परवा गुरुवारी मी पुन्हा जाणार आहे.